युद्धनौका बेट : पडद्यावरचे पलायन आणि कागदावरचे मृत्यू



इतिहासाच्या व्याख्यानाला एका चित्रपटापासून आरंभ करावा, हे आपणांस थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु पुष्कळ लोकांना इतिहास पहिल्याने भेटतो तो पडद्यावरच. ग्रंथ मागाहून येतो, आणि कित्येकदा येतच नाही. म्हणून पडद्यावर जे दिसले त्यातले घडलेले किती आणि रचलेले किती, हा प्रश्न केवळ विद्वानांच्या वादाचा राहत नाही. तिकीट काढून आत गेलेल्या प्रत्येकाचा तो प्रश्न होतो.

२०१७ च्या जुलै महिन्यात दक्षिण कोरियात 'गुन्हामदो' नावाचा एक मोठा खर्चिक चित्रपट लागला. गुन्हामदो म्हणजे युद्धनौका बेट. दिग्दर्शक रियू सुंग-वान. कथा अशी : दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात सोल शहरातला एक वाद्यवृंदाचा म्होरक्या आपल्या लहानग्या मुलीसह जपानला निघतो. तेथे चांगले काम मिळेल असे त्याला सांगण्यात आलेले असते. प्रत्यक्षात त्याची रवानगी होते ती समुद्रातल्या एका खडकावर, कोळशाच्या खाणीत. त्याच्याबरोबर एक गुंड आहे, देशोधडीला लागलेल्या स्त्रिया आहेत, आणि मागाहून गुप्तपणे येणारा एक स्वातंत्र्यसैनिक आहे. युद्ध हरणार हे कळताच बेटावरचे जपानी अधिकारी सर्व कोरियनांना खाणीत कोंडून मारण्याचा बेत करतात. तो बेत उघडकीस येतो, रात्री रणकंदन माजते, आणि कोळसा वाहणारी बोट ताब्यात घेऊन शेकडो माणसे समुद्रात निसटतात. त्यांच्या डोळ्यांसमोर दूरवर नागासाकीवर अणुबाँबचा ढग उभा राहतो, आणि चित्रपट संपतो.

प्रसंग मोठा थरारक आहे यात शंका नाही. परंतु हे घडले काय? प्रारंभीच स्वच्छ सांगतो : नाही. असे सामुदायिक पलायन त्या बेटावरून झाले नाही. सर्व कामगारांना खाणीत गाडून टाकण्याचा तसा बेत झाला, यालाही कागदाचा आधार नाही. मग या चित्रपटाचा विचार तरी का करावयाचा? कारण बेट खरे आहे, खाण खरी आहे, आणि तेथे नेलेली माणसेही खरी आहेत. त्यांचे प्रत्यक्षात काय झाले हे चित्रपटाच्या शेवटापेक्षा निराळे आहे, आणि माझ्या मते अधिक विचार करावयास लावणारे आहे.

प्रथम बेटाची ओळख करून घेऊ.

जपानच्या क्यूशू बेटावर, पश्चिम किनाऱ्याला नागासाकी हे बंदर आहे. तेथून नैर्ऋत्येला साधारण १५ किलोमीटरांवर समुद्रात हाशिमा नावाचा एक खडक आहे. लांबी सुमारे ४८० मीटर आणि रुंदी सुमारे १६० मीटर. आपल्याकडच्या एखाद्या गावाचे गावठाणसुद्धा याहून ऐसपैस असते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे कोळसा सापडला. १८९० मध्ये मित्सुबिशी कंपनीने हे बेट विकत घेतले, आणि समुद्राच्या तळाखाली बोगदे खणून कोळसा काढण्यास सुरुवात केली. खाणीतून निघणारा दगडमातीचा भराव घालून बेट वाढविण्यात आले, आणि लाटा अडविण्यासाठी सभोवार उंच भिंत घालण्यात आली.

जागा इतकी अपुरी, आणि माणसे तर हवीत. मग घरे आडवी न वाढता उभी वाढली. १९१६ साली येथे सात मजल्यांची काँक्रीटची चाळ उभी राहिली. जपानमध्ये अशा प्रकारची ही पहिलीच मोठी इमारत मानली जाते. दुरून पाहिले तर भिंत, इमारती, धुराडी यांमुळे हे बेट एखाद्या लढाऊ जहाजासारखे दिसे. म्हणून लोक त्याला 'गुनकानजिमा' म्हणू लागले. अर्थ तोच, युद्धनौका बेट. कोरियन लिपीत तेच नाव 'गुन्हामदो' असे वाचतात. १९४१ मध्ये या एवढ्याशा खडकाने वर्षाला सुमारे ४ लाख १० हजार टन कोळसा दिला. युद्धानंतरही खाण चालू राहिली, आणि १९५९ मध्ये तेथे ५,२५९ माणसे राहत होती. १९७४ मध्ये खाण बंद झाली, त्याच वर्षीच्या एप्रिलपर्यंत शेवटची कुटुंबे निघून गेली, आणि बेट ओस पडले.

आता कोरियाकडे वळू. १९१० मध्ये जपानने कोरिया आपल्या साम्राज्यात सामील करून घेतला. त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने कोरियन मनुष्य जपानी सम्राटाचा प्रजाजन झाला. परक्या सत्तेखालचा प्रजाजन म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कर्तव्ये सगळी, राज्य कसे चालावे हे ठरविण्यात मात्र वाटा नाही. हा 'प्रजाजन' शब्द आपण लक्षात ठेवू, कारण पुढचा सारा वाद त्यावरच येऊन थांबतो.

१९३७ मध्ये चीनशी युद्ध पेटले. जपानी तरुण लष्करात गेले, आणि खाणी व कारखाने रिकामे पडू लागले. १९३८ मध्ये जपानने राष्ट्रीय सर्वंकष जमवाजमवीचा कायदा केला. माणूस आणि माल दोन्ही सरकारला युद्धासाठी हुकमाने घेता यावेत, असा त्याचा आशय होता. या कायद्याच्या छायेत १९३९ पासून कोरियातून मजूर नेण्यास सुरुवात झाली, आणि तिच्या तीन पायऱ्या झाल्या. पहिली पायरी 'भरती'ची : कंपन्यांचे लोक सरकारी परवानगीने खेड्यांतून मजूर गोळा करीत. १९४२ पासून दुसरी पायरी, 'सरकारी मध्यस्थी'ची. येथे कोटा ठरे, आणि तो पुरा करण्याची जबाबदारी गावचे अधिकारी व पोलीस यांच्यावर पडे. तिसरी पायरी १९४४ च्या सप्टेंबरची : उघड सक्ती. हुकूमनामा आला की निघावयाचे. नाकारले तर शिक्षा.

पहिल्या दोन पायऱ्यांवर सक्ती हा शब्द कागदावर नव्हता, म्हणून ते मजूर स्वेच्छेने गेले असे काही जण म्हणतात. काही गरिबीने गांजून आपण होऊन गेले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्या दारात कोटा पुरा करावयास निघालेला अधिकारी उभा आहे आणि शेजारी पोलीस आहे, त्याची स्वेच्छा कितपत मोकळी असेल? आपल्या भाषेत यासाठी एक जुना शब्द आहे : वेठ. वेठीला धरलेल्या माणसाच्या हातावर चार पैसे ठेवले, म्हणून वेठ संपत नाही. १९३९ ते १९४५ या काळात सात लाखांहून अधिक कोरियन माणसे अशा रीतीने जपानच्या मुख्य भूमीवर नेण्यात आली. त्यांतील कित्येकांच्या वाट्याला कोळशाच्या खाणी आल्या.

हाशिमावर युद्धाच्या अखेरच्या वर्षांत पाचशे ते आठशेच्या दरम्यान कोरियन होते, असा अंदाज आहे. त्यांच्याखेरीज २०४ चिनी माणसेही तेथे आणलेली होती. खाण समुद्राच्या तळाखाली खोल, कित्येकशे मीटर. आत उष्णता तीस अंशांच्या वर, आणि हवा ओलसर व कोंदट. कोळशाचा थर अरुंद असेल तेथे माणसाला उभे राहता येत नसे. कुशीवर पडून कोळसा फोडावा लागे. वायूचा भडका उडण्याचे आणि छत कोसळण्याचे भय रोजचेच. चौदा वर्षांचा असताना कोरियातल्या खेड्यातून येथे आणलेल्या एका मुलाने पुढे मोठेपणी आपली साक्ष दिली आहे. जेवणात सोयाबीनची पेंड मिसळलेला भात आणि मासळीचा चुरा असे, त्याने पोट बिघडे, आणि बिघडलेल्या पोटाने कामाला न गेल्यास मार बसे, असे तो सांगतो. बेटाच्या भिंतीवर उभे राहून आपल्या देशाच्या दिशेने पाहत समुद्रात उडी टाकावी असे आपल्याला कितीदा तरी वाटले, असेही तो म्हणतो.

हाशिमावरच्या पलायनाची खरी जागा ही भिंत आहे. समोर ताकाहामाचा किनारा दिसतो, फार दूर नाही. पण मध्ये वाहता समुद्र आहे. काही जणांनी पोहून जाण्याचा प्रयत्न केला, आणि त्यांतले बरेचसे बुडाले किंवा पकडले जाऊन बेदम मार खाऊन परत आले, असे त्या काळातून वाचलेले लोक सांगतात. चित्रपटाच्या आरंभी काही पोरे अशीच समुद्रात पोहत निघतात आणि प्राणास मुकतात. तो प्रसंग थोडक्यात आटोपतो, परंतु इतिहासाच्या अधिक जवळ आहे तो हाच. शेवटची लढाई ही दिग्दर्शकाची निर्मिती आहे.

मग प्रश्न असा उरतो की ही माणसे मुकाट्याने सोसत राहिली काय? तसे समजणे हाही अन्याय होईल. हाशिमा हे समुद्राने वेढलेले होते. बाकीच्या खाणी जमिनीवर होत्या, आणि तेथून माणसे पळत. जपानी गृहखात्याच्या त्या वेळच्या नोंदींप्रमाणे १९३९ पासून १९४३ च्या अखेरपर्यंत अशा रीतीने आणलेल्या कोरियन मजुरांपैकी सुमारे तिसरा हिस्सा कामावरून पळून गेला होता. हा आकडा शत्रूने फुगविलेला नाही, मालकांच्याच सरकारने मोजलेला आहे. या पलायनात बंदुका नव्हत्या, ताब्यात घेतलेली जहाजे नव्हती. एखाद्या रात्री एक अंथरूण रिकामे सापडे, एवढेच. अशा माणसावर चित्रपट निघत नाही. परंतु जपानी साम्राज्याला सर्वांत जास्त त्रास दिला तो अशाच माणसांनी. आणि जे मजूर आपखुशीने आले होते असे म्हणतात, त्यांच्यातला दर तिसरा मनुष्य अनोळखी मुलखात, भाषा येत नसताना, जीव धोक्यात घालून का पळत होता, याचे उत्तर त्या म्हणणाऱ्यांनी दिले पाहिजे.

सामुदायिक उठावही झाला, पण तो दुसरीकडे आणि दुसऱ्या लोकांचा. उत्तर जपानात हानाओका येथे तांब्याची खाण होती. तेथे सुमारे हजार चिनी माणसे आणली होती. त्यांत युद्धकैदीही होते. उपासमार आणि मारहाण असह्य होऊन ३० जून १९४५ च्या रात्री सुमारे आठशे जण उठले, पहारेकऱ्यांपैकी काहींना ठार करून डोंगरात पळाले. थोड्याच दिवसांत जवळपास सर्व पकडले गेले. त्यांचे जे हाल झाले ते सांगवत नाहीत. युद्ध संपेपर्यंत आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत मिळून तेथील मृतांची संख्या चारशेच्या वर गेली.

आणि एकट्याने केलेल्या पलायनाचे एक उदाहरण तर असे आहे की कादंबरीकाराने लिहिले तर आपण त्याला हसू. ल्यू ल्यान-रन नावाच्या चिनी शेतकऱ्याला धरून होक्काइदोतील कोळशाच्या खाणीत नेले होते. १९४५ च्या जुलैत तो पळाला. पुढच्याच महिन्यात युद्ध संपले; परंतु ते त्याला सांगणार कोण? तो डोंगरात लपून राहिला. होक्काइदोचा हिवाळा म्हणजे माणूसभर बर्फ. जमिनीत बिळे खणून, सापडेल ते खाऊन त्याने तेरा वर्षे काढली. १९५८ च्या फेब्रुवारीत तो सापडला, तेव्हा ज्या राज्यापासून तो लपत होता ते लयाला जाऊन तप उलटले होते. पुढे त्याने जपान सरकारवर दावा लावला. २००० साली तो वारला. २००१ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने त्याच्या वारसांच्या बाजूने निकाल दिला, आणि २००५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो फिरविला.

असो. पुन्हा आपल्या बेटाकडे येऊ. तेथून पळता न आलेल्या माणसांचा हिशेब कसा लागला, ही हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

नागासाकी शहरात ओका मासाहारू नावाचे एक ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. जपानी गृहस्थ, काही काळ नगरपालिकेचे सभासदही होते. नागासाकीच्या अणुबाँबमध्ये जे कोरियन मेले किंवा होरपळले त्यांची दाद कोणी घेत नाही, हे पाहून त्यांनी काही सहकाऱ्यांसह शोध सुरू केला. हा शोध घेत असताना १९८० नंतरच्या दशकात त्यांच्या मंडळींच्या हाती हाशिमाचे एक जुने दप्तर आले. त्यात होते काय? माणूस मेला की दहनाची परवानगी मागणारा अर्ज करावा लागतो. ते अर्ज, आणि त्यांना जोडलेले मृत्यूचे दाखले. नाव, गाव, वय, तारीख, कारण. कारणांत कोणी छत कोसळून चिरडलेला, कोणी गुदमरलेला, कोणी बुडालेला. १९२५ ते १९४५ या काळातले १२२ कोरियनांचे आणि १५ चिनी माणसांचे मृत्यू या कागदांवरून निश्चित झाले.

कागद ठेवणाऱ्या कारकुनाच्या मनात कोणावर आरोप करण्याचा विचार नव्हता. रोजचे काम म्हणून त्याने ते लिहिले. म्हणूनच त्या कागदांचे मोल फार आहे. मात्र ते वापरतानाही सावध राहिले पाहिजे. हा आकडा वीस वर्षांचा आहे. त्यांतले आरंभीचे मृत्यू सक्तीच्या नेमणुकीपूर्वीचे आहेत. तेव्हा '१२२ वेठबिगारांना ठार केले' असे कोणी लिहिले, तर ते कागदाच्या पलीकडे जाणे होय. त्याच खाणीत जपानी कामगारही अपघातांत मरत होते, हेही तितकेच खरे.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घेणे न्यायाचे ठरेल. हाशिमावर वाढलेले कित्येक वृद्ध जपानी सांगतात की कोरियन शेजारी आमच्याबरोबर सुखाने राहत, मुले एकत्र खेळत, कोणी कोणाला छळत नसे. हे लोक खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. बेटावर आधीपासून कुटुंबकबिल्यासह राहणारे कोरियनही होते, आणि लहान मुलाला आपल्या अंगणातले जग जेवढे दिसते तेवढेच आठवते. पण युद्धकाळात आणून कोंडलेला एकटा तरुण त्या अंगणात नव्हता. दोन्ही आठवणी एकाच बेटाच्या असून दोन निराळ्या माणसांच्या असू शकतात.

दुसरे म्हणणे असे की काम सर्वांनाच कठीण होते, आणि युद्धकाळात जपानी कामगारालाही काम सोडण्याची मुभा नव्हती. हेही बव्हंशी खरे आहे. परंतु जपानी कामगार आपल्याच देशात, आपल्या भाषेच्या माणसांत, आपल्या राष्ट्राने पुकारलेल्या युद्धासाठी राबत होता. कोरियन मनुष्याला ज्या युद्धासाठी राबविले ते त्याचे राज्य ज्याने हिरावले त्याचे होते. कष्ट सारखे असले तरी या दोघांची स्थिती सारखी होत नाही. मजूर आणि वेठबिगार यांच्यातला भेद कष्टाच्या वजनावर ठरत नाही. 'मी उद्या येणार नाही' असे म्हणता येते की नाही, यावर तो ठरतो. चित्रपटाने पलायन हाच विषय घेतला, तेव्हा त्याने नेमके मर्म पकडले होते. चूक झाली ती त्या मर्माला खोटे यश जोडण्यात.

या चुकीचा परिणाम काय झाला, तोही पाहू. चित्रपट पहिल्याच दिवशी दोन हजारांहून अधिक पडद्यांवर लागला, आणि लाखो लोकांनी तो पाहिला. परंतु लवकरच दोन्ही बाजूंनी टीका झाली. कोरियात काहींना राग आला की यात स्वार्थी आणि फितूर कोरियनच फार दाखविले आहेत. फितूर दाखविल्याबद्दल मी दिग्दर्शकाला दोष देणार नाही. परकी सत्ता एतद्देशीय हस्तकांवाचून चालत नाही, हे आपणही जाणतो. दुसरीकडे जपानच्या बाजूने लगोलग सांगण्यात आले की हा कल्पित चित्रपट आहे, इतिहास नव्हे. हे म्हणण्याची सोय त्या अखेरच्या लढाईनेच करून दिली होती. न घडलेली लढाई खोटी ठरली की तिच्या आडोशाने घडलेली वेठही खोटी ठरविता येते. मृतांची बाजू मांडणाऱ्याने अतिशयोक्ती करू नये असे मी म्हणतो, ते याचसाठी.

आणखी एक गोष्ट. चित्रपटातली सुटलेली माणसे नागासाकीवरचा ढग बोटीतून पाहतात. प्रत्यक्षात ९ ऑगस्ट १९४५ ला हाशिमावरचे कोरियन बेटावरच होते. त्यांतल्या काहींना पुढे जळालेल्या नागासाकीत राडारोडा उपसण्यासाठी नेण्यात आले, अशी साक्ष आहे. ज्या चौदा वर्षांच्या मुलाचा उल्लेख मी मघाशी केला, त्याला मधल्या काळात बेटावरून हलवून नागासाकीच्या जहाज-कारखान्यात घातले होते, आणि अणुबाँब पडला तेव्हा तो तेथेच होता. बेटावरून सुटण्याची वाट त्याला अशी सापडली.

आता शेवटचा भाग, आणि येथे आपलाही थोडा संबंध येतो. २०१५ च्या जुलैत जर्मनीतील बाँ येथे युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने जपानच्या मेईजी काळातील औद्योगिक स्थळांचा आपल्या यादीत समावेश केला. त्या २३ स्थळांत हाशिमाही आहे. या नोंदीचा काळ जपानने १९१० पर्यंतचाच धरला होता. म्हणजे कोरिया गिळंकृत झाला त्या वर्षाशी येऊन ही कथा थांबते. कोरियाने हरकत घेतली. तेव्हा जपानच्या प्रतिनिधीने समितीपुढे मान्य केले की १९४० नंतरच्या वर्षांत यांतल्या काही स्थळी पुष्कळ कोरियनांना व इतरांना त्यांच्या इच्छेविरुद्ध आणून कठोर परिस्थितीत काम करावयास लावले होते, आणि त्यांच्या स्मृतीसाठी माहिती-केंद्र काढण्याचे आश्वासन दिले. केंद्र २०२० मध्ये उघडले, पण नागासाकीपासून शेकडो मैल दूर, टोकियोत; आणि त्यात भर दिला तो छळ झालाच नाही असे सांगणाऱ्या आठवणींवर. २०२१ मध्ये समितीने याबद्दल तीव्र खेद व्यक्त केला. २०२४ मध्ये समितीची बैठक आपल्या दिल्लीत भरली, आणि तेथे सादो बेटावरच्या सोन्याच्या खाणींचा समावेश होताना हाच प्रश्न पुन्हा निघाला. २०२५ च्या जुलैत पॅरिसच्या बैठकीत हाशिमाचा विषय चर्चेला घ्यावा अशी कोरियाची मागणी होती. मतदान झाले, आणि सात विरुद्ध तीन मतांनी तो विषय बाजूला पडला. याच बैठकीत चार दिवसांनी रायगड, शिवनेरी, राजगड, जिंजी वगैरे आपल्या बारा किल्ल्यांचा त्याच यादीत समावेश झाला, आणि आपण पेढे वाटले. आनंद रास्तच होता. परंतु ज्या यादीत आपले नाव गेले आहे, त्या यादीत कोणती कथा सांगितली जाते आणि कोणती वगळली जाते, याकडे आपलेही लक्ष असावयास हवे.

पैशाचा आणि माफीचा हिशेबही असाच अर्धवट आहे. १९६५ च्या कराराने जपानने दक्षिण कोरियाला ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी डॉलर कर्ज दिले. सर्व दावे त्याने मिटले असे जपान म्हणतो. २०१८ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने वेठीला धरलेल्या व्यक्तींचा दावा त्याने मिटत नाही असा निर्णय दिला, आणि जपानी कंपन्यांनी भरपाई द्यावी असे सांगितले. मित्सुबिशीच्या जुन्या खाण-कंपनीची वारस असलेल्या कंपनीने २०१५ मध्ये अमेरिकन युद्धकैद्यांची माफी मागितली, आणि २०१६ मध्ये तीन हजारांहून अधिक चिनी मजुरांसाठी माफी व भरपाईचा करार केला. कोरियनांसाठी मात्र तसा करार नाही. कारण काय दिले जाते? अमेरिकन आणि चिनी हे परके होते. कोरियन त्या वेळी जपानी सम्राटाचे प्रजाजन होते, आणि प्रजाजनाला कायद्याने कामावर बोलाविणे ही वेठ नव्हे. आरंभी जो शब्द ध्यानात ठेवावयास सांगितला तो हा. आधी देश घ्यावयाचा, मग त्या देशाच्या माणसाला आपला म्हणावयाचे, आणि मग तो आपलाच होता म्हणून त्याची दाद घ्यावयाची नाही, असा हा युक्तिवाद आहे.

आज हाशिमाला नागासाकीहून प्रवासी बोटी जातात. आखून दिलेल्या वाटेवरून लोक हिंडतात, पडक्या चाळींची छायाचित्रे काढतात, आणि तासाभरात परततात. त्या भिंतीशी उभे राहिले तर समोरचा किनारा स्वच्छ दिसतो. चित्रपट पाहिलेल्यांना तेथे धडाडणाऱ्या बंदुका आठवतील. ज्यांनी आजची हकीकत ऐकली त्यांनी ते १२२ अर्जही आठवावेत, आणि त्यांतला प्रत्येक कागद नीट वाचून, त्यात नसलेले एक अक्षरही न वाढवता, ज्या जपानी माणसांनी तो जगापुढे ठेवला त्यांनाही विसरू नये.